शिधा आणि शब्द

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघाली की वाटेत पिंपळी लागतं. पुढं लिमटेक, मग काटेवाडी. काटेवाडीत पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि ते बघायला पंचक्रोशी लोटते. पण याच रस्त्यावर पालखीच्या मागंपुढं धावणारे दिंड्यांचे ट्रक नीट बघितले, तर मराठी माणसाची प्रवासाची सगळी कल्पना त्यात दिसते. पिठाची पोती, डाळ, तेल-मीठ, मोठाली पातेली, शेगड्या, तंबूच्या काठ्या. टाळकरी मुक्कामावर पोचायच्या आत स्वयंपाकी पुढं जाऊन चूल मांडून बसलेले असतात. देहू ते पंढरपूर एवढ्या वाटेत वारकऱ्याला जेवणही बदलावं लागत नाही आणि बोलणंही. कुणाच्याही ओसरीवर टेकावं, ‘माउली, पाणी द्या’ म्हणावं, तांब्या पुढं येतो. शिधा सोबत, माणसं सोबत आणि भाषा वाटेवरच पसरलेली, असा हा प्रवास. नीरा डाव्या कालव्याच्या काठची मुलं आता शिकायला परदेशी निघतात तेव्हा घरचे त्यांची बॅगही याच हिशेबानं भरतात.

त्या बॅगेत काय असतं हे सांगायला कुणाच्या घरी डोकवावं लागत नाही. विमान कंपनीच्या 23 किलोंच्या मर्यादेत कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पापड, छोटा कुकर आणि तवा बसवलेला असतो. वेगळ्या फायलीत गुणपत्रकं आणि भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र असतं. इंग्रजीसाठी आयईएलटीएस, जर्मनसाठी बी1 किंवा बी2. एका गठ्ठ्यात पोटाची सोय, दुसऱ्यात डोक्याची, म्हणजे तयारी झाली असं आपण समजतो. माझं म्हणणं असं की या दोन गठ्ठ्यांच्या मधली तिसरी वस्तू आपण कधी बांधतच नाही, आणि परदेशातल्या विद्यार्थ्याची खरी उपासमार तिच्यावाचून होते. तिला मी पंक्तीची भाषा म्हणतो. अन्न मागता येणं, समोरच्याचा अपमान न करता नको म्हणता येणं, आपलं अन्न काय आहे हे सांगता येणं आणि दुसऱ्याला आपल्या ताटावर बोलावता येणं, एवढे चार धडे तिच्यात येतात. परीक्षेची भाषा वर्गात बसवते, पंक्तीची भाषा माणसांत बसवते. शिधा महिन्या-दोन महिन्यांत संपतो. त्यानंतर काय, हा प्रश्न पोटाचा दिसला तरी असतो भाषेचा.

शिध्यालाही सरहद्द असते, हे आधी लक्षात घेऊ. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. म्हणजे आजीनं कढवलेलं तूप आणि खव्याचे पेढे कायद्यानं विमानतळावरच अडतात. ताज्या कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. हे नियम जनावरांचे आणि पिकांचे रोग रोखण्यासाठी आहेत. ज्या तालुक्यात लाळ्या-खुरकुताच्या लशीची वाट बघितली जाते त्या तालुक्याला ते समजावून सांगायची गरज नाही. पण त्यांचा अर्थ असा होतो की आपल्या अन्नाचा काही भाग कितीही घट्ट बांधला तरी सोबत येणारच नाही. तो तिथं शोधावा लागेल, आणि शोधायचा म्हणजे विचारावा लागेल.

मराठी विद्यार्थ्यांचा हा प्रश्न एकशे चाळीस वर्षांचा आहे. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या सेरामपूर इथं आनंदीबाई जोशी यांनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातो आहोत हे त्यांनी मुद्देसूद सांगितलं आणि आपला पोशाख, आहार आणि रीतिरिवाज बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, 4 जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. वय अठरा. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी त्यांनी घेतली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानं त्यांचा अंत झाला. या बाईंच्या इंग्रजीत काही कमी नव्हतं. पण त्यांच्या ताटात काय असावं हे फिलाडेल्फियात ठरतच नव्हतं. ते सेरामपूरच्या सभेत, निघण्याआधीच ठरून गेलं होतं. ती ग्वाही दिली नसती तर समाजानं त्यांच्या जाण्याला मान्यता दिली नसती. अमेरिकेत आधी रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी, जिथं यजमानीणबाईंना मावशी म्हणण्याइतकी माया होती, तिथं ही ग्वाही निभावणं सोपं गेलं. फिलाडेल्फियाची थंडी, एकटेपण आणि अभ्यासाचा रगाडा यांच्यात तीच जड झाली.

यावर नेहमीचा निवाडा असा, की शाकाहाराच्या हट्टानं आनंदीबाईंचा बळी घेतला. तो मला पटत नाही. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 साली; त्याआधी भरपेट मांसाहार करणारी माणसंही जगभर क्षयानं दगावत होती. आहार अपुरा पडला असेल, थंडीनं शरीर झिजलं असेल, पण मृत्यूचं खापर एका भाजीच्या वाटीवर फोडणं हा इतिहास नव्हे. मला त्यातून दिसतं ते वेगळंच. ज्याचं ताट मागं राहिलेल्या लोकांनी ठरवून दिलं आहे, त्याला समोरच्या लोकांशी त्याबद्दल बोलायला जागाच उरत नाही. तो फक्त पाळू शकतो किंवा मोडू शकतो. आजही ‘तिकडं जाऊन काही खाऊ नको’ एवढीच शिदोरी देऊन मुलाला पाठवणारी घरं आहेत. त्या वाक्यात मनाई आहे, पण ती मनाई परक्या माणसाला कशी समजावून सांगायची, याचा एकही शब्द नाही.

तो शब्द सापडलेली बाई आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी, त्याच एप्रिलमध्ये इंग्लंडला निघाली होती. पंडिता रमाबाई ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज इथल्या मठात राहिल्या, 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या. धर्म बदलला, ताट बदललं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी पत्रातून जे उत्तर दिलं ते पंक्तीच्या भाषेचा नमुना म्हणून शिकवावं असं आहे. माझ्या खाण्यापिण्यात, बुटांत, मी रोज जाळते त्या कोळशातसुद्धा तुम्हाला गर्व दिसत असेल तर खुशाल बघा, असं त्या उपहासानं लिहितात. आणि मग विचारतात, की हिंदुस्थानात राहायला आलेल्या इंग्रज बाईनं आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत म्हणून तिला कुणी गर्विष्ठ म्हणालं तर तिला कसं वाटेल? त्यांनी कारण धर्मशास्त्रातलं दिलं नाही. समोरच्याला स्वतःच्या जागी बसवलं, आणि तेही समोरच्याच्याच भाषेत.

रमाबाईंचं दुसरं भांडण भाषेचं होतं, आणि ते याच पत्रव्यवहारात आहे हा योगायोग नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत याला त्यांनी हरकत घेतली. आपल्या लोकांना न कळणाऱ्या लॅटिनमध्ये असं काय आहे जे संस्कृतात नाही, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या बाईला स्वतःचं अन्न परक्या भाषेत सांगता येत होतं, तिलाच स्वतःची भाषा परक्या देशात मागता आली. पुढं 1889 साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांनी ग्रंथ लिहिला तो मराठीत. बायबलचं मराठी भाषांतर करण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ते काम झालं केडगावला, दौंड तालुक्यात, म्हणजे बारामतीच्या शेजारीच. परदेशी शिकून आलेल्या माणसानं तिथून काय आणावं याचं इतकं जवळचं उदाहरण या भागाला असताना आपण अजून मेतकुटाच्या पुड्या मोजतो आहोत.

इथं पहिला सबळ आक्षेप येतो. भाषेचं कौतुक ठीक, पण पैसा नसेल तर भाषा काय खायची? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उदाहरण सगळ्यांत मोठ्या मराठी विद्यार्थ्याचंच आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या हार्टली हॉल वसतिगृहातलं गोमांसाचं आणि अर्धकच्चं जेवण त्यांना मानवेना, तेव्हा ते आठवड्याभरात दुसरीकडं राहायला गेले. न्यू यॉर्कमध्ये हे जमलं. 1920 नंतर लंडनमध्ये जमलं नाही, कारण खिशात पैसे नव्हते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, रात्री भूक भागवायला कपभर दूध आणि ओळखीच्या गुजराती गृहस्थानं दिलेले चार पापड, हे वर्णन धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. ज्या माणसानं 1921 साली बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी जर्मनमधून अर्ज लिहिला, त्याचीही भूक भाषेनं भागली नाही. तेव्हा मान्य करू: रिकाम्या खिशाला व्याकरण भरत नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम वेळेवर मिळते की नाही हा प्रश्न म्हणूनच भाषेच्या आधी येतो.

पण याच उदाहरणात दुसरी बाजूही आहे, आणि ‘घरचं जेवण’ या शब्दाला गहिवरून येणाऱ्यांनी ती बघायला हवी. घरचं ताट सगळ्यांसाठी सारखं नसतं. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य चाललं. म्हणजे मिशनऱ्याच्या हातचा एक कपसुद्धा जातीच्या चौकशीला पात्र होता. ज्यांना त्या पंगतीत बसूच दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी परदेशातलं भोजनगृह हा पहिला मोकळा श्वास होता. कोलंबियात आंबेडकर इतर विद्यार्थ्यांबरोबर एका टेबलावर जेवत होते. परत आल्यावर 1917 मध्ये बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना आणि नाव लपवून घेतलेली पारशी खानावळीतली खोलीही हातची गेली. तेव्हा आपलं अन्न सांगता यावं असं मी म्हणतो, त्यात आपल्या पंक्तीचा हा इतिहासही सांगता यावा, हे आलं. ‘आमच्यात चालत नाही’ या वाक्यातला ‘आमच्यात’ म्हणजे कोण, हे परक्या मित्रानं विचारलं तर मुलाकडं प्रामाणिक उत्तर असावं.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता सगळं सगळीकडं मिळतं, भारतीय किराणा दुकानं आहेत, फोनवर मागवलं की दारात येतं. मग रमाबाईंच्या काळातल्या अडचणी कशाला उगाळता? त्याचं उत्तर जर्मनीच्या एका साध्या किराणा दुकानात मिळतं. फोडणीसाठी जिरं हवं म्हणून मुलगा मसाल्याच्या फळीपुढं उभा राहतो. शब्दकोशातला ‘क्युमेल’ हा शब्द आठवतो, तशीच दिसणारी डबी घेतो, घरी येऊन तेलात टाकतो आणि वरणाला भलताच उग्र वास येतो. क्युमेल म्हणजे कॅरावे, आपल्या शहाजिऱ्याच्या अंगानं जाणारा, तिकडं कोबीत आणि पावात घालतात तो मसाला. आपल्या जिऱ्याचं नाव ‘क्रॉइत्सक्युमेल’. एका उपसर्गात अख्खी आमटी अडकलेली असते. भाकरीचंही तसंच. ज्वारीचं पीठ हवं म्हणून ‘हिर्झं’ मागितलं तर हातात वरीसारखे बारीक पिवळे दाणे येतात. ज्वारीला ‘झॉर्गुम’ म्हणावं लागतं. मोठ्या शहरात भारतीय दुकानात पुडी बोट दाखवून उचलता येते, पण शिकायला आणि काम शिकायला जाणारी मुलं लहान गावांतही राहतात. तिथं बोटाला किंमत नसते, शब्दाला असते.

त्यात भाकरी म्हणजे नुसतं पीठ मिळून भागणारी गोष्ट नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हासारखी कणीक ताणली जात नाही. उकळतं पाणी ओतून पिठाला चिकटपणा आणावा लागतो, लाटण्याऐवजी थापावी लागते, वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो आणि शेवटी जाळावर फुगवावी लागते. वसतिगृहाच्या विजेच्या शेगडीवर जाळ नसतो, फोडणीच्या धुरानं छतावरचा भोंगा बोंबलतो. तवा तापवून, फडक्यानं दाबत, ती कशीतरी फुगवावी लागते. हे मुलींना थोडंफार येतं, मुलांना बहुधा येत नाही, आणि हा दोष परदेशाचा नाही, आपल्या स्वयंपाकघरांचा आहे. बारावीपर्यंत मुलाला कुकरच्या शिट्ट्याही मोजू न देणारं घर त्याला कुकर मात्र बांधून देतं. पण एकदा भाकरी जमली की पंक्तीची भाषा तिला नवीच किंमत देते. तिकडं ग्लुटेन न सोसणारी माणसं पुष्कळ आहेत, दुकानात त्यांच्यासाठी वेगळी फळी असते. ‘ही ग्लुटेनफ्राय आहे’ एवढं सांगता आलं की ज्या भाकरीची गावात गरिबाचं जेवण म्हणून लाज वाटायची तीच दुसऱ्याच्या ताटात मानानं पडते.

तिसरा आक्षेप बहुतेक घरांत ऐकू येतो: मुलगा मराठी माध्यमातला, इंग्रजीच कच्चं, त्यात आणखी जर्मन कुठं शिकणार? प्रश्न वेळेवर आला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला 10,000 कुशल तरुण पाठवायचे असं ठरलं, आणि त्यासाठी जर्मन शिकवणं आलं. शिवाय 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी 49 हजारांहून अधिक होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. अशा वेळी मराठी ही अडचण समजणं हा उलटा हिशेब आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. मराठीतही ‘तो, ती, ते’ आहे. हिंदीनं आणि इंग्रजीनं नामांचं नपुंसकलिंग टाकून दिलं, मराठीनं ठेवलं. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. मराठी मुलाचं क्रियापद जन्मापासून शेवटीच असतं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’तला फरक त्याला ‘डू’ आणि ‘झी’ शिकवताना नव्यानं सांगावा लागत नाही. आणि सगळ्यांत मासलेवाईक उदाहरण थंडीचं. मराठीत ‘मला थंडी वाजते’, जर्मनमध्ये ‘मीर इस्ट काल्ट’. ‘मीर’ म्हणजे नेमकं ‘मला’. इंग्रजीवरून शिकणारा ‘इश बिन काल्ट’ म्हणून बसतो आणि आपण थंड स्वभावाचे आहोत असं सांगून टाकतो. ‘मला चवदार लागतं’ याची रचनाही तशीच, ‘एस श्मेक्ट मीर’. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या आणि तालुक्यांतल्या वर्गांत जर्मन इंग्रजीच्या पुलावरून न नेता थेट मराठीतून शिकवली, तर अर्धा रस्ता वाचेल.

चौथा आक्षेप भाषेच्या अभिमान्यांचा. परक्यांना समजावता समजावता आपली भाषाच पातळ होईल. ही भीती खोटी नाही, आणि तिची सुरुवात ताटातच होते. चार वर्षं परदेशात राहिलेल्या मुलाच्या बोलण्यात आमटी, कालवण, रस्सा, पिठलं या सगळ्यांची एकच ‘करी’ होते. झुणक्यालाही करी म्हणतात, जो मुळात कोरडा असतो! चार मराठी मुलांनी एकत्र खोली घेऊन रोज वरणभात केला तरी हे टळत नाही. उलट त्या खोलीत जर्मन वाढत नाही आणि मराठीही हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत विरघळते. भाषा घट्ट राहते ती कुणाला तरी ती नीट सांगावी लागते तेव्हा. पिठल्यात आणि झुणक्यात फरक काय, हे गावात कुणी विचारत नाही. परका मित्र विचारतो, आणि तेव्हा आपल्याला तो शब्द पहिल्यांदा ऐकू येतो. रमाबाईंनी लॅटिनऐवजी संस्कृत मागितली तसं मूळ नाव आधी सांगावं, त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत नंतर. नावं शिल्लक राहिली की पदार्थ शिल्लक राहतात.

‘देश तसा वेश’ ही म्हण मी टाकून देत नाही. जर्मनीतल्या श्वाबियात राहून तिथला माउलटाश खायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त त्या पिठाच्या पाकिटात बहुधा मांस असतं हे विचारून घ्यावं. विद्यापीठाच्या खानावळीत शाकाहारी, डुकराचं, गाईचं असं लिहिलेलं असतं. गोळ्या-चॉकलेटात जनावरांपासून काढलेलं ‘जेलाटिन’ लपलेलं असतं. वाचता येत असेल तर मुलगा स्वतः ठरवतो, नसेल तर आंधळा विश्वास किंवा आंधळी भीती एवढंच त्याच्या हाती उरतं. आणि दोन्ही वेळा तो शेवटी पाव-जॅमवर येतो.

तेव्हा बॅग भरताना शेवटी काय घालावं? वारीच्या वाटेवरच्या पंगतीत वाढणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. पान मांडलेल्या प्रत्येकाला काय पडतंय ते ठाऊक असतं. परदेशात आपण वाढणारे असतो आणि पान मांडणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. युरोपीय संघाच्या कायद्यात अॅलर्जी होऊ शकणाऱ्या 14 पदार्थांची यादी आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला ते सांगावेच लागतात. त्या यादीत शेंगदाणा आहे, तीळ आहे, मोहरी आहे, म्हणजे आपली चटणी, आपली तीळगुळाची वडी आणि आपली फोडणी. ज्याला शेंगदाणा चालत नाही त्याचा जीव एका चमच्यानं जाऊ शकतो. म्हणून चटणीच्या पुडीवर आईनं चिठ्ठी लावायचीच असेल तर ‘जपून खा’ अशी नको. ‘दा झिंट एर्डन्युस्से ड्रिन’ अशी हवी, म्हणजे ‘यात शेंगदाणे आहेत’. वसतिगृहात पहिल्यांदा कुणाच्या ताटात काही वाढायच्या आधी म्हणायचं हे वाक्य. तेवढं पाठ करून गेलेला मुलगा चटणी संपली तरी उपाशी राहणार नाही.